गोबी ठणठणीत, पिस्टल श्रिंप मेली. कुठे चुकलं?

खारेपाणी_ठाणे | १४ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे आठ-नऊ वर्षं पाळले, तेव्हा कुणाला काही विचारायची वेळ आली नाही. गेल्या दिवाळीत खाऱ्या पाण्याची टाकी लावली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

टाकी अडीच फुटी. खडक-वाळूची जागा वजा केली तर आत प्रत्यक्ष पाणी शंभर लिटर. वाळू तीन इंच, बारीक वाळूत प्रवाळाचे तुकडे मिसळून. फेब्रुवारीत पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि टायगर पिस्टल श्रिंप ही कोळंबी अशी जोडी आणली. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: ही कोळंबी बोटाच्या दोन पेरांएवढी, एक नांगी भलतीच मोठी, आणि नजर अगदी अधू. दिवसभर वाळूत बीळ खोदत असते. गोबीला खोदता येत नाही, पण नजर घारीसारखी. तो बिळाच्या तोंडाशी बसून राखण करतो. ती वाळूचा ढीग ढकलत बाहेर आली की एक मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. त्याने शेपूट थरथरवली की ही आत. फारच झालं तर तोही तिच्यामागे आत. 'वॉचमन' हे नाव मी ठेवलेलं नाही, दुकानात त्याच नावाने मिळतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनपेक्षा हा जास्त जागा असतो हे मात्र माझं निरीक्षण.

तर आज सकाळी कोळंबी खडकाच्या मागे आडवी पडलेली सापडली. खारटपणा १.०२५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. तापमान २७-२८, पंखा लावून. गोबी व्यवस्थित खातोय. दिवसभर त्या ढासळलेल्या बिळापाशीच बसून आहे. ते बघवत नाही म्हणून इथे लिहायला बसलो.

चिंगूळ | १४ मे, रात्री ११:४१

आधी सांगा, नक्की मेली का? कात टाकली असेल. कात हुबेहूब कोळंबीसारखी दिसते, मिशा-पायांसकट. पण ती पारदर्शक असते, आत पोकळ आणि पाठीवर जोडापाशी उकललेली. मेलेली कोळंबी दुधी-गुलाबी पडते. कालवणात बघता तशी.

खारेपाणी_ठाणे | १४ मे, रात्री ११:५२

मार्चमध्ये नेमका हाच घोटाळा केला होता. कात बघून मेली समजलो, तुळशीच्या कुंडीत पुरली, बायकोनेही दोन मिनिटं शांतता पाळली. चौथ्या दिवशी बाईसाहेब वाळू ढकलत बाहेर! त्यामुळे या वेळी नीट बघितलं. दुधी-गुलाबी होती, आणि वास येत होता.

आंबटगोड | १५ मे, सकाळी ८:०५

धागा वाचून वाईट वाटलं. पण सकाळी सकाळी 'कालवण' शब्द वाचल्यावर आमच्यातला मालवणी जागा झाला त्याला आम्ही काय करणार.

वाळवंटी_वैनी | १५ मे, सकाळी ९:३०

इजिप्तमधल्या हुरघाडाला लाल समुद्रात डायव्हिंग करताना ही जोडी प्रत्यक्ष पाहिली आहे. आमचा गाइड वाळूवर पोटावर झोपवायचा आणि दहा मिनिटं हलू द्यायचा नाही. आधी फक्त माशाचं तोंड दिसतं. मग बिळातून वाळूचा लोंढा येतो, त्यामागून कोळंबी, बुलडोझरसारखी. माझ्या फिन्सची जरा हालचाल झाली की दोघं गायब, पुन्हा दहा मिनिटं. नवरा कंटाळून कासव बघायला निघून गेला. मी तिथेच.

खारेपाणी, खडक कोसळला असेल का? ती खोदताना खालची वाळू काढून घेते म्हणे.

खारेपाणी_ठाणे | १५ मे, सकाळी १०:१०

नाही हो. खडक आधी थेट तळाच्या काचेवर बसवले, वाळू नंतर ओतली. एवढं वाचलं होतं.

चिंगूळ | १५ मे, दुपारी १:१५

ते बरं केलंत. माझ्या पहिल्या टाकीत उलट केलं होतं. आधी वाळू, वर खडक. दीड महिन्यात अख्खा डोंगर पुढच्या काचेवर रेलला.

आता यादीच्या बाहेरचं विचारतो. टाकीत गोगलगायी, हर्मिट खेकडे आहेत का? असल्यास कसे आहेत? आणि रोज जे पाणी उडतं त्याच्या जागी कुठलं पाणी घालता?

निशाचर७७ | १५ मे, दुपारी २:४०

आयोडीन कमी पडलं असेल. कात टाकताना लागतं. बाटली मिळते, दोन थेंब टाकत जा.

चिंगूळ | १५ मे, दुपारी ३:०२

निशाचर, मोजल्याशिवाय काहीही टाकू नये हो. मीठ चांगलं असेल आणि पाणी वेळेवर बदललं जात असेल तर वेगळं आयोडीन लागत नाही, माझ्याकडे तरी कधी लागलं नाही. जास्त झालं तर तेच मारतं.

दर्यावर्दी_मालवण | १५ मे, रात्री ८:२०

विषयाला सोडून लिहितोय. आमच्याकडे खडपांजवळ पाण्यात डोकं घातलं की सतत तडतड ऐकू येते, कढईत मोहरी टाकल्यासारखी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माका वाटला बोटीच्या इंजिनाचा काय तरी बिघडला. नंतर एका डायव्हिंगवाल्याने सांगितलं की या चुटकी वाजवणाऱ्या कोळंब्या. ही तीच का? आणि एवढा आवाज करते तर टाकीची काच फोडणार नाही का?

मिशीवाले_मास्तर | १५ मे, रात्री १०:००

तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

आवाज याच कुळातल्या कोळंब्यांचा. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात त्या सर्वत्र आहेत, मात्र त्यांतल्या मोजक्याच जाती गोबीबरोबर राहतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या यंत्रांना या तडतडीचा इतका त्रास झाला की अमेरिकी नौदलासाठी तिचा मुद्दाम अभ्यास करावा लागला.

पूर्वी समज असा होता की नांगीची दोन बोटं एकमेकांवर आपटतात आणि टक्क होतं. २००० साली हाय-स्पीड कॅमेऱ्याने चित्रण केल्यावर कळलं की भानगड वेगळीच आहे. नांगी इतक्या झटक्यात मिटते की तिच्यातून पाण्याची चिळकांडी सुटते, सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने. त्या वेगामुळे तिथला दाब एकदम उतरतो आणि वाफेचा बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा फुगतो आणि क्षणात आत कोसळतो. आवाज त्या कोसळण्याचा. पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी दाखवलं की कोसळताना आतलं तापमान निदान ५००० केल्विनपर्यंत चढतं आणि प्रकाशाची ठिणगी पडते. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

एवढं ऐकून काच फुटेल असं वाटणं साहजिक आहे. पण हा सगळा खेळ नखाएवढ्या जागेत आणि नांगीच्या अगदी पुढ्यात होतो. काच फोडण्याची ख्याती आहे ती मँटिस श्रिंपची. तो वेगळाच प्राणी, तो ठोसा मारतो.

आणखी एक गंमत सांगून थांबतो. हिची मोठी नांगी तुटली तर दुसऱ्या बाजूची लहान नांगी कात टाकत टाकत मोठी होते, आणि तुटलेल्या जागी नवी लहान उगवते. डावखुरी उजवी होते म्हणा ना.

आंबटगोड | १५ मे, रात्री १०:२२

मास्तर, दंडवत. शाळेत तुम्ही असता तर आम्ही कॉमर्सला गेलो नसतो. 'पिस्टल श्रिंप'ला मराठी नाव 'चुटकी कोळंबी' असं मी या धाग्यावर जाहीर करतो.

जलपरी | १५ मे, रात्री ११:०५

चुटकी कोळंबीला +१. वाचनखूण साठवली.

मास्तर, गोबी म्हणजे आपल्या निवट्यांचा कुणी लागतो का? आजी उरणहून आणायची, चिखलात उड्या मारणाऱ्या. चेहरा तसाच वाटतो, डोळे वर काढलेले.

मिशीवाले_मास्तर | १६ मे, सकाळी ७:१५

लागतो तर! एकाच गोतावळ्यातले. निवटीसुद्धा बिळातच राहते, फक्त ती स्वतः खोदते, कोळंबी ठेवत नाही.

खारेपाणी_ठाणे | १७ मे, रात्री ९:३०

चिंगूळ, उशिराबद्दल माफी, ऑडिट चालू होतं. तुमचा प्रश्न वाचून आज टॉर्च घेऊन गोगलगायी मोजल्या. बारा आणल्या होत्या. सात रिकामे शंख सापडले. दोन उलट्या पडून होत्या, सरळ केल्या तर हलल्या नाहीत. हर्मिट एकही दिसला नाही. मला वाटत होतं कोळंबीच त्यांना खाते, म्हणून लक्षच दिलं नाही. गोबी आणि दोन क्लाउनफिश मात्र मजेत.

पाणी घरच्या आरओचं घालतो. पंख्यामुळे रोज दोन लिटर तरी उडतं.

चिंगूळ | १७ मे, रात्री ९:४८

मासे मजेत, आणि कणा नसलेलं जे जे होतं ते गेलं. मला एकच गोष्ट सुचते. तांबं. टाकीत माशांचं कुठलं औषध घातलं होतं का? पांढऱ्या ठिपक्यांवरचं वगैरे? त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं.

खारेपाणी_ठाणे | १७ मे, रात्री ९:५५

एक थेंबही नाही. देवाशपथ.

चिंगूळ | १७ मे, रात्री ९:५८

आरओ कुठला? स्वयंपाकघरातला?

खारेपाणी_ठाणे | १७ मे, रात्री १०:३१

अरे देवा.

एप्रिलच्या सुरुवातीला जुना बिघडला म्हणून नवा बसवला. सासूबाईंनी आग्रहाने 'कॉपर'वाला घ्यायला लावला. तांब्याचं पाणी गुडघ्यांना चांगलं म्हणून. आता उठून बघून आलो, पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलंय. दीड महिना मी रोज त्याच नळाखाली बादली धरतोय आणि तेच अक्षर वाचतोय.

जलपरी | १७ मे, रात्री १०:४०

😱

चिंगूळ | १७ मे, रात्री ११:१०

माणसासाठी ते प्रमाण काहीच नाही. पण टाकीतला हिशोब वेगळा असतो. पाणी उडून जातं, तांबं उडत नाही. समजा तुमच्या नळाच्या पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅम आहे. रोज दोन लिटर म्हणजे महिन्याला साठ लिटर, म्हणजे अठरा मिलिग्रॅम. टाकीत पाणी शंभर लिटर. झालं लिटरला ०.१८. माशांना औषध म्हणून तांबं देतात ते ०.१५ ते ०.२ एवढंच असतं. मासे ते सोसतात. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांच्यासाठी ते विष. ०.३ हा आकडा मी समजा म्हणून घेतलाय, पण तुमच्या टाकीत जे झालं ते याच क्रमाने झालं असणार.

आणि तांबं नसलेला घरगुती आरओही या कामाला चालत नाही. त्यात चव यावी म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा, पन्नास-साठ तरी येईल. आपल्याला शून्य लागतं. आरओनंतर डीआयचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या रेझिनचा, वेगळा डबा लावायचा.

तांब्याचं किट आणा आणि टाकी व नळ दोन्ही तपासा.

खारेपाणी_ठाणे | १९ मे, रात्री ८:४५

क्रॉफर्ड मार्केटला जाऊन किट आणलं. टाकीच्या पाण्याला रंग आला. फिकट, पण आला. नळाच्या पाण्याला त्याहून गडद.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझे गुडघे का दुखतात अजून?"

निशाचर७७ | १९ मे, रात्री ९:२०

🤣🤣 आयोडीनचं माझं म्हणणं मागे घेतो.

चिंगूळ | १९ मे, रात्री १०:०५

आता घाई करू नका. कार्बन आणि तांबं शोषणारं रेझिन फिल्टरमध्ये टाका. आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला, डीआयच्या पाण्यात मीठ कालवून. वाळू मात्र काढूनच टाका. चुन्याची वाळू आणि खडक तांबं धरून बसतात आणि नंतर हळूहळू सोडतात. वाळू एकदम नका उपसू, तीन-चार हप्त्यांत काढा, नाहीतर खालची घाण पाण्यात मिसळून अमोनिया चढेल. खडकांतले जमले तर बदला.

दर्यावर्दी_मालवण | २० मे, सकाळी ७:५०

खडक कशाला विकत घेता? जूनच्या आत या, आमच्या खडपावर ओहोटीला हवे तेवढे पडलेत. प्रवाळ चिकटलेले पण मिळतील.

मिशीवाले_मास्तर | २० मे, सकाळी ९:१०

दर्यावर्दी, तुमचा हेतू चांगला आहे, पण असं चुकूनही करू नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रपंखेसुद्धा. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि आधीच त्यांच्या मागे बरंच काही लागलंय. शिवाय अशा दगडाच्या भोकातून काय बाहेर येईल सांगता येत नाही. परवा ज्या मँटिसबद्दल लिहिलं तो टाकीत शिरतो तो बहुतेक असाच.

दर्यावर्दी_मालवण | २० मे, सकाळी ९:४०

बरा झाला सांगितलात. आमच्याकडे लोक सहज उचलतात, कोणाला माहीत पण नाही. मासे खायला या मग, खडक राहूदे.

खारेपाणी_ठाणे | ३० ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण बरेच जण व्यनित (खाजगी निरोपात) विचारतायत.

वाळू पूर्ण बदलली. निम्मे खडक बदलले, कोरडे आणि विकतचे. डीआय लावला. किटला जून-अखेरपासून रंग येत नाही. पण फिकट रंग माझ्या डोळ्यांना कितपत कळतो याचा भरवसा नाही, म्हणून जुलैत आधी पाच गोगलगायी सोडल्या. पाचही जिवंत आहेत, एकीने काचेवर अंडी घातली आहेत.

गोबी या सगळ्यात एकटा होता. बीळ नाही, त्यामुळे एका खडकाच्या कपारीत अर्धा आत अर्धा बाहेर बसायचा. एकदा भीतीने उडी मारली ती थेट वरच्या जाळीवर आपटला. जाळी नसती तर सकाळी फरशीवर सुकलेला मिळाला असता. हा मासा ठेवणाऱ्यांनी झाकणाशिवाय ठेवू नये. काच नको, जाळी बरी, हवा खेळती राहते.

काल नवी कोळंबी आणली. ठिबकपद्धतीने दीड तास पाणी मिसळलं. मग दिवे बंद केले, एक इंची पीव्हीसी पाइपचं एक टोक गोबीच्या कपारीशी टेकवलं आणि वरून तिला हलकेच सोडलं. दोन मिनिटं काही नाही. मग पाइपातून एक टिक्क. मग ती घसरत गेली आणि खडकाखाली दिसेनाशी झाली.

आज दिवसभर दोघांचाही पत्ता नाही.

वाळवंटी_वैनी | ३० ऑगस्ट, रात्री १०:४०

दिसेनासं होणं हीच चांगली खूण आहे हो. वाळूचा नवा ढीग दिसतोय का बघा.

जलपरी | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

तिला खायला कसं घालता? ती बाहेरच येत नाही तर?

चिंगूळ | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:००

बुडणारी गोळी लांब ड्रॉपरने बिळाच्या तोंडाशी सोडायची. गोबीने घेतली नाही तर ती ओढून नेते. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दोघांनाही आवडतात.

मिशीवाले_मास्तर | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:२०

आणि तिचं आणखी एक खाणं आहे, जेवताना वाचू नये असं. २०१७ साली असं दाखवलं गेलं की गोबी बिळात शिरून विष्ठा टाकतो आणि कोळंबी ती खाते. तो नुसता राखणदार नाही, भाडंही देतो.

आंबटगोड | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:३५

मास्तर, भाड्याचा हा प्रकार आमच्या घरमालकाला कळवू का?

सहासुरी | ४ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

नवीन सभासद. माझ्याकडे सिक्सलाइन रास आणि हॉकफिश हे मासे आहेत, १५० लिटर. ही जोडी चालेल का?

चिंगूळ | ४ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

हॉकफिश असताना नको. कोळंबी हे त्याचं आवडतं खाणं. सिक्सलाइनही शांत मासा नाही, गोबीला बिळाबाहेर बसू देणार नाही. आणि लहान शोभेच्या कोळंब्या असतील तर त्यांना उलट हिच्यापासून धोका.

खारेपाणी_ठाणे | ११ ऑक्टोबर, रात्री २:१०

जागा आहे म्हणून लिहितो. पाऊण वाजता स्वयंपाकघराच्या बाजूने टक्क. मग पुन्हा टक्क. सासूबाई उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या रात्री गॅसचा लायटर कोण पेटवतंय?" त्यांना टाकीपाशी नेलं. दिवे बंद असले की ती बिळाचं तोंड आतून वाळूने लिंपून घेते आणि गोबी आत झोपतो, त्यामुळे बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पंधरा मिनिटं आम्ही दोघं अंधारात खुर्च्या टाकून बसलो. तिसरा टक्क झाला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

त्यांच्यासाठी आता तांब्याचा वेगळा लोटा ठेवलाय, त्यातलंच पाणी पितात. टाकीच्या दोन हातांवर त्या तो आणू देत नाहीत, मलाही नाही.

जलपरी | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

फोटो प्लीज! दोघांचा एकत्र!!

खारेपाणी_ठाणे | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

अठ्ठावीस काढले. सत्तावीसमध्ये नुसता गोबीचा चेहरा आहे. अठ्ठाविसाव्यात त्याच्या पाठीवर एक तांबूस रेघ दिसते, ती तिची मिशी.